शेळी, हत्ती आणि थोर माणसे

बालवाडीच्या भिंतीवर थोर नेत्यांच्या तसबिरी ओळीने लावलेल्या असतात. जयंतीच्या दिवशी त्यांना हार घातला जातो, उदबत्ती लावली जाते, बाई चार वाक्ये सांगतात आणि मुले हात जोडतात. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या मनात या सोहळ्यातून काय उतरते? खाऊ लक्षात राहतो. फार तर एखादा चष्मा, एखादी टोपी, एखादी काठी लक्षात राहते. ‘स्वातंत्र्य’, ‘राष्ट्र’, ‘राज्यघटना’, ‘सत्याग्रह’ हे शब्द त्याच्या कानांवरून वाऱ्यासारखे निघून जातात. कारण ज्या अनुभवावर हे शब्द टेकावेत, तो अनुभवच त्याच्यापाशी अजून नसतो. घर, अंगण, आई, भूक, पाऊस आणि दारातले मांजर एवढेच त्याचे जग. त्या जगाचे दार ठेंगणे आहे. थोरांनाही तेथे वाकूनच आत यावे लागते.

अशा वेळी उपयोगी पडणारी एक वाट म्हणजे प्राण्यांची. नेत्याने पाळलेला, जोपासलेला किंवा ज्याच्याशी त्याचा रोजचा संबंध आला असा एखादा प्राणी मुलापुढे आणावा, आणि त्या प्राण्याचे बोट धरून मुलाला त्या माणसापर्यंत न्यावे, अशी ही रीत आहे. तसबिरीपुढे मूल गप्प असते; शेळीचे नाव काढताच ते बोलू लागते. ती चावायची का? रात्री कुठे झोपायची? तिला कोण चारा घालायचे? या प्रश्नांची उत्तरे देता देता सांगणारा माणूस नकळत त्या नेत्याच्या घरात, त्याच्या आजारपणात, त्याच्या हट्टात आणि त्याच्या दयेत शिरतो. मूलही त्याच्या मागोमाग तेथे पोहोचते.

ही रीत केवळ गंमत म्हणून निघालेली नाही. लहान मूल हाताने, डोळ्यांनी, जिभेने शिकते आणि मूर्त वस्तूकडून अमूर्त कल्पनेकडे जाते, हा विचार विसाव्या शतकात ज्यांनी जगभर रुजवला, त्या इटालियन शिक्षणतज्ज्ञ डॉ. मारिया माँटेसरी १९३९ साली मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला आल्या. थिऑसॉफिकल सोसायटीच्या अड्यार येथील विस्तीर्ण वृक्षराजीत त्यांनी शिक्षकांचे प्रशिक्षण वर्ग सुरू केले. पुढच्याच वर्षी इटली महायुद्धात उतरली आणि ब्रिटिश सरकारच्या दृष्टीने त्या शत्रुराष्ट्राच्या नागरिक ठरल्या. त्यामुळे काही महिन्यांसाठी आलेल्या माँटेसरींचा भारतातला मुक्काम वर्षानुवर्षे लांबला. त्या सक्तीच्या मुक्कामाचा लाभ भारतीय बालशिक्षणाला झाला. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी माँटेसरींची तत्त्वे त्याआधीच स्वीकारली होती. पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे, अनुताई वाघ यांच्या साथीने, त्यांनी ती गरिबांच्या आणि आदिवासींच्या अंगणापर्यंत नेली. महागड्या साधनांऐवजी बिया, पाने, शिंपले वापरले. जवळचे, ओळखीचे, हाती येणारे आधी आणि दूरचे नंतर, हे सूत्र त्यांनी सोडले नाही. थोर पुरुषाची ओळख करून देतानाही हेच सूत्र लागू पडते. शेळी जवळची आहे. महात्मा दूरचा आहे.

शेळीपासूनच सुरुवात करता येईल.

गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत असताना १९१२ साली दूध सोडले. त्यामागे आहाराविषयीचे त्यांचे विचार होते, तसेच आणखी एक कारण होते. कलकत्त्यासारख्या शहरांत गाई-म्हशींचे दूध अखेरच्या थेंबापर्यंत निघावे म्हणून गवळी त्यांच्यावर ‘फुंका’ नावाचा क्रूर प्रयोग करीत. त्याचे वर्णन वाचून गांधीजींचे मन विटले. पुढे १९१८ साली खेडा जिल्ह्यात फिरत असताना त्यांना जबर दुखणे आले. हगवणीने शरीर खंगले, चालणेही अशक्य झाले. जानेवारी १९१९ मध्ये मुंबईला शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर दलाल यांनी स्पष्ट सांगितले, की दूध घेतल्याशिवाय अंगात रक्त भरणार नाही. गांधीजींनी व्रताची अडचण पुढे केली. त्यांच्या मनात गाई-म्हशी होत्या. खाटेजवळ उभ्या असलेल्या कस्तुरबांनी तेवढेच नेमके पकडले आणि मग शेळीच्या दुधाला काय हरकत आहे, असे विचारले. डॉक्टरांनीही तो धागा उचलून धरला. गांधीजी कबूल झाले.

येथपर्यंतची गोष्ट पाच वर्षांच्या मुलाला पूर्णपणे कळते. आजारी माणूस, औषधासारखे दूध, हट्ट, आणि त्या हट्टातून वाट काढणारी घरची शहाणी बाई. प्रत्येक घरात हे घडलेले असते. पण गोष्टीचा पुढचा भाग अधिक मोलाचा आहे. व्रताचा शब्द राहिला, पण त्याचा आत्मा गेला, अशी रुखरुख गांधीजींना पुढे कायम वाटत राहिली, आणि आपल्या आत्मकथेत त्यांनी ती लपवली नाही. सत्याग्रहाचा नवा लढा लढण्यासाठी जगावेसे वाटले, म्हणून आपण पळवाट स्वीकारली, असा त्यांचा कबुलीचा सूर आहे. वचन मोडले की पाळले, याविषयी थोर माणूसही स्वतःशी वाद घालतो, हे मुलाला प्रथम कळते ते असे. खेळात नियम वाकवणाऱ्या मित्राशी भांडलेल्या मुलाला हा प्रश्न परका नसतो.

आणि ही शेळी मुलाला थेट चेन्नईपर्यंत घेऊन जाते. शेळीच्या दुधाने थोडी शक्ती आली न आली तोच, मार्च १९१९ मध्ये, गांधीजी मद्रासला आले. सरकारने रौलट कायदा केला होता. खटला न चालवता माणसाला तुरुंगात ठेवण्याची मुभा त्यात होती. सेलमहून नुकतेच मद्रासला वकिलीसाठी आलेले चक्रवर्ती राजगोपालाचारी, म्हणजे राजाजी, यांच्याकडे कॅथीड्रल मार्गावरील घरात गांधीजींचा मुक्काम होता. कायदा जाहीर झाल्याची बातमी तेथेच आली. त्या रात्री विचार करता करता त्यांना झोप लागली आणि पहाटे, झोप व जाग यांच्या सीमेवर असताना, एक कल्पना सुचली: सगळ्या देशाने एक दिवस कामधंदा बंद ठेवावा, उपवास करावा, प्रार्थना करावी. सकाळी उठून त्यांनी ती राजाजींना सांगितली. ६ एप्रिल १९१९ चा देशव्यापी हरताळ त्यातून निघाला. मुलाला रौलट कायद्याचे नाव सांगण्याची गरज नाही. दूध पिऊन जरा बरे वाटताच तो माणूस एवढ्या लांबचा प्रवास करून गेला आणि ‘अन्याय झाला तर आपण सगळे मिळून एक दिवस थांबू’ असे त्याला पहाटे सुचले, एवढे पुरे. नाव मोठेपणी कळते. तोवर त्या नावासाठी मनात जागा झालेली असते.

याच मुक्कामात गांधीजींना भेटायला एक कवी आला होता, असे त्या कवीचे चरित्रकार सांगतात. त्याचे नाव सुब्रह्मण्य भारती. तमिळ भाषेत ज्याला महाकवी म्हणतात असा हा देशभक्त. इंग्रज सरकारच्या भीतीने त्याने दहा वर्षे फ्रेंचांच्या पुदुच्चेरीत काढली होती. चेन्नईतील मुलांना प्राण्यांच्या वाटेने नेता दाखवायचा, तर भारतींइतके योग्य उदाहरण दुसरे नाही. महाराष्ट्रातील मुलांना त्यांचे नावही क्वचित ऐकू येते, ही उणीव भरून काढण्यासारखी आहे.

भारतींच्या घरात दारिद्र्य होते. त्यांच्या पत्नी चेल्लम्मा यांनी कष्टाने मिळवलेले तांदूळ सुपात ठेवावेत आणि कविराजांनी ते मूठमूठभर अंगणातल्या चिमण्यांना टाकावेत, ही आठवण तमिळनाडूत घरोघरी सांगितली जाते. चिमण्या दाणे टिपताना पाहून त्यांना कविता सुचे. चेल्लम्मांना मात्र रात्रीच्या जेवणाची चिंता पडे. ही गोष्ट मुलांना सांगताना चेल्लम्मांची बाजू विसरू नये. मुलांना ती बाजू लगेच समजते. ‘मग त्यांनी काय खाल्लं?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्त आहे. भारतींनी मुलांसाठी रचलेले ‘पाप्पा पाट्टु’ हे गीत तमिळ मुले अगदी लहानपणी शिकतात. त्यात कोंबडी आहे, कावळा आहे, दूध देणारी गाय आहे, शेपूट हलवणारा कुत्रा आहे, गाडी ओढणारा घोडा आहे. या सगळ्यांशी मायेने वागण्याचा उपदेश आहे, आणि त्याच गीतात पुढे जातिभेद मानू नये हेही आहे. प्राण्यांविषयीची माया आणि माणसांमधली समता यांच्यामध्ये भारतींना भिंत दिसली नाही.

१९२० साली भारती मद्रासला परतले आणि ‘स्वदेशमित्रन्’ या दैनिकात काम करू लागले. तिरुवल्लिक्केणी, म्हणजे इंग्रजांच्या तोंडचे ट्रिप्लिकेन, या जुन्या वस्तीत पार्थसारथी मंदिराजवळ त्यांचे बिऱ्हाड होते. मंदिरात एक हत्ती होता. भारती मंदिरात जात तेव्हा त्याला फळे, नारळ खाऊ घालीत आणि त्याच्याशी बोलत. १९२१ च्या जून महिन्यात एके दिवशी नेहमीप्रमाणे ते जवळ गेले. हत्ती त्या वेळी माजावर होता, साखळदंडांनी बांधलेला होता. त्याने सोंडेने भारतींना ओढून खाली पाडले. ते त्याच्या पायांशी बेशुद्ध पडले. लोक दूर उभे राहून ओरडत होते. त्यांचे मित्र कुवलै कण्णन यांनी जिवाची पर्वा न करता आत उडी घेतली आणि त्यांना बाहेर काढले.

‘हत्तीने पाडले आणि महाकवी मेले’ अशा रूपात ही गोष्ट पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. ती खरी नाही. भारती त्या जखमांतून उठले, पुन्हा कामावर जाऊ लागले, इरोडला जाऊन त्यांनी व्याख्यानही दिले. त्यानंतर सप्टेंबरमध्ये पोटाच्या विकाराने ते आजारी पडले आणि ११ सप्टेंबरच्या मध्यरात्रीनंतर त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ३८ होते. आधीच क्षीण झालेल्या शरीराला त्या आघाताने आणखी दुबळे केले असेल. पण हत्तीला मारेकरी ठरवणे म्हणजे गोष्ट सोपी करण्यासाठी सत्य मोडणे होय. अशा मोडतोडीचा तोटा लगेच दिसत नाही. मूल मोठे होते, स्वतः वाचू लागते, आणि लहानपणी सांगितलेले खोटे होते असे त्याला आढळते. मग त्याचा विश्वास एका गोष्टीवरून उडत नाही, सांगणाऱ्यावरूनच उडतो.

हत्तीची ही घटना मुलांना सांगावी की नाही, असा प्रश्न पालकांना पडतो. सांगावी, पण बेतानेच. हत्ती वाईट नव्हता. त्याला त्रास होत होता, तो बांधलेला होता, त्याला आपला मित्र ओळखू आला नाही. प्रेम असले तरी प्राण्याच्या मनःस्थितीचा अंदाज घ्यावा लागतो, त्याच्या जवळ जाताना माहूताला विचारावे लागते, हे शहाणपण चेन्नईच्या किंवा कोल्हापूरच्या मुलाला सारखेच उपयोगी आहे. आणि संकटात उडी घेणारा कुवलै कण्णन मुलांना फार आवडतो. पुष्कळदा भारतींपेक्षाही अधिक आवडतो. त्यात काही बिघडत नाही.

पंडित जवाहरलाल नेहरूंच्या बाबतीत मुलांना आणखी मौज वाटते, कारण त्यांच्या दिल्लीच्या तीन मूर्ती भवनात खरोखर एक छोटे प्राणिसंग्रहालयच होते. कुत्रे, पोपट, कबुतरे, खारी तर होत्याच. आसामच्या दौऱ्यात त्यांना तांबड्या पांडाचे एक पिल्लू भेट मिळाले; मांजर की अस्वल असा संभ्रम पडावा असा तो प्राणी. त्याचे नाव भीमसा ठेवले. पुढे त्याला पेमा नावाची जोडीदारीण आणली. वाघाचे तीन बछडेही त्या घरात काही काळ राहिले. भीम, भैरव आणि हिडिंबा अशी त्यांची नावे होती. युगोस्लाव्हियाचे अध्यक्ष मार्शल टिटो यांनी मागितला म्हणून त्यांतला एक बेलग्रेडला गेला. हे सारे इंदिरा गांधींनी आपल्या आठवणींत नोंदले आहे. पंतप्रधानपदाच्या धबडग्यात नेहरू या प्राण्यांना भेटायला वेळ काढीत.

पण नुसते एवढेच सांगितले, तर नेहरू म्हणजे वाघ पाळणारे एक हौशी गृहस्थ, एवढीच प्रतिमा मुलाच्या मनात उरते. प्राण्याच्या गोष्टीचा हाच धोका आहे. प्राणी मोठा होतो आणि माणूस त्याच्या मागे दडतो. गोष्ट पुढे न्यावी लागते, आणि नेहरूंच्या बाबतीत ती पुढे नेणारा हत्ती तयारच आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातील मोठे प्राणी अधिकाऱ्यांच्या हुकमाने मारण्यात आले. बाँबहल्ल्यात पिंजरे फुटले तर ते शहरात शिरतील, अशी धास्ती होती. हत्तींना उपाशी ठेवून मारले गेले. युद्ध संपले, पण टोकियोच्या मुलांना हत्ती दिसेना. त्या मुलांनी नेहरूंना पत्रे लिहिली आणि एक हत्ती मागितला. भारत स्वतः तेव्हा नुकताच स्वतंत्र झालेला, फाळणीच्या जखमांनी विव्हळत होता. तरीही नेहरूंनी म्हैसूरकडची एक हत्तीण निवडून पाठवली. तिला त्यांनी आपल्या मुलीचे नाव दिले: इंदिरा. सप्टेंबर १९४९ मध्ये ती उएनोला पोहोचली. सोबत नेहरूंनी जपानी मुलांना पत्र लिहिले होते. इंदिरा १९८३ पर्यंत जगली. तिला पाहत पाहत जपानमधील एक पिढी मोठी झाली.

पाच वर्षांच्या मुलाला येथे उपाशी हत्तींची हकिकत सांगू नये. ‘लढाईत तिथले हत्ती गेले’ एवढे पुरे. दहाव्या वर्षी मूल विचारील, तेव्हा सांगावे. परराष्ट्र धोरण, आशियाई देशांची मैत्री हे शब्द त्याहूनही पुढचे. पण दूरच्या अनोळखी मुलांनी मागितले आणि एका देशाने दिले, ही गोष्ट ज्याला आपला खाऊ वाटून घ्यावा लागतो त्या मुलाला पहिल्यांदा ऐकतानाच कळते.

नेहरूंच्या वाघांची गोष्ट ऐकून मुले हमखास बछडा मागतात. तेव्हा काळ बदलला आहे हे त्यांना स्पष्ट सांगितले पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाघच काय, रानातला हिरवा पोपट पकडून पिंजऱ्यात ठेवणेही गुन्हा आहे. हे पुष्कळ मोठ्यांनाही ठाऊक नसते. चेन्नईच्या मुलांना वाघ पाहायला वंडलूरला नेतात. मद्रासचे १८५५ साली स्थापन झालेले प्राणिसंग्रहालय १९८५ मध्ये तेथे हलवण्यात आले. त्याला ‘अरिञर अण्णा’ म्हणजे सी. एन. अण्णादुराई यांचे नाव आहे. मद्रास राज्याचे नाव तमिळनाडू झाले ते यांच्याच मुख्यमंत्रिपदाच्या काळात. येथे प्राण्यांमुळे नेत्याचे नाव मुलांच्या तोंडी बसते, पण तो कोण होता हे सांगणारे मात्र सोबत कोणी असावे लागते.

प्रत्येक नेत्यापाशी पाळीव प्राणी शोधण्याचा अट्टहास करू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची मुलांना ओळख करून देताना प्राणी येतो, पण तो पाळीव म्हणून येत नाही. महाडच्या चवदार तळ्यावर गाई-म्हशी, कुत्री-मांजरे पाणी पीत. मात्र अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना तेथे ओंजळ भरण्याची बंदी होती. नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव करूनही प्रत्यक्षात ती बंदी उठली नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी पाणी प्यायले. तहान लागलेल्या म्हशीला पाणी मिळते आणि तहान लागलेल्या मुलाला मिळत नाही: समतेवरील कोणत्याही व्याख्यानापेक्षा हे एक चित्र लहान मुलाला अधिक हलवते. स्वतः बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत असताना शिपायाने वरून ओतलेलेच पाणी त्यांना प्यावे लागे. शिपाई नसला तर तहानलेले राहावे लागे. ‘का?’ असे मूल विचारते. चेन्नईच्या ‘तूलिका’ या प्रकाशनसंस्थेने लहान मुलांसाठी काढलेल्या आंबेडकर-चरित्रात भीमराव हा ‘का’ विचारणारा मुलगा म्हणूनच भेटतो. १९९६ साली सुरू झालेली ही संस्था तमिळ, इंग्रजी, हिंदी, मराठी अशा अनेक भाषांत चित्रपुस्तके काढते. तिच्या पुष्कळ पुस्तकांत एकाच पानावर दोन भाषा शेजारी शेजारी असतात. ज्या घरात आई नुकतीच वाचायला शिकते आहे आणि मूलही शिकते आहे, तेथे असे पुस्तक दोघांनाही एकत्र धरते.

महाराष्ट्रातील मुलांना प्राण्याची सर्वांत परिचित गोष्ट म्हणजे रायगडावरील वाघ्या कुत्र्याची. शिवछत्रपतींच्या चितेत या इमानी कुत्र्याने उडी घेतली, अशी आख्यायिका आहे, आणि महाराजांच्या समाधीजवळ त्याचे शिल्प आहे. ते विसाव्या शतकात, १९३६ साली उभारले गेले. समकालीन कागदपत्रांत वाघ्याचा उल्लेख सापडत नाही, असे अनेक इतिहासकार सांगतात. राम गणेश गडकरी यांच्या ‘राजसंन्यास’ या अपुऱ्या राहिलेल्या नाटकाने ही कथा लोकप्रिय केली, असेही दाखवले जाते. दुसरीकडे, लोकपरंपरा म्हणून ती जपावी असे मानणारेही पुष्कळ आहेत. २०१२ साली हे शिल्प काही जणांनी उखडले आणि ते पुन्हा बसवण्यात आले. २०२५ साली ते हटवण्याची मागणी पुन्हा झाली आणि वाद पेटला. अशी गोष्ट मुलांना कशी सांगावी? ‘असं घडलं’ आणि ‘असं लोक सांगतात’ ही दोन वाक्ये वेगळी आहेत, आणि चार वर्षांच्या मुलालाही हा फरक कळतो. रोज रात्री ते काऊचिऊची गोष्ट ऐकते आणि सकाळी अंगणातल्या खऱ्या कावळ्याला ओळखते. आख्यायिका आख्यायिका म्हणून सांगितली, तर महाराजांच्या मोठेपणाला काहीही उणे येत नाही. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे थोरल्या शाहू छत्रपतींच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीच्या वेळी वाघ अंगावर येत असता खंड्याच्या भुंकण्याने महाराज सावध झाले, अशी कथा आहे. सहलीला गेलेल्या मुलांना ती समाधी दाखवावी, आणि राजा आपल्या कुत्र्याचे उपकार कसे स्मरतो ते त्यांनीच ठरवावे.

गोष्ट सांगून झाली, की मुलाला चित्र काढू द्यावे. मूल शेळी मोठी आणि गांधीजी चिमुकले काढील. ते सुधारू नये. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी गोष्ट ऐकल्यावर माणूस आपोआप मोठा होतो. ठाऊक नसलेले तपशील, म्हणजे प्राण्याचा रंग, त्याचे वय, नेता त्याच्याशी काय बोलला, हे रचून भरू नयेत. ‘ते कोणाला ठाऊक नाही’ असे ऐकण्याची मुलाला सवय लागली, तर पुढे इतिहास शिकताना ती त्याच्या कामी येते.

या सगळ्या गोष्टींत नेत्याचे प्राण्यावर प्रेम आहे. ते प्रेम घरात, अंगणात किंवा मंदिरात राहिले. ते देशाच्या कायद्यापर्यंत नेले ते चेन्नईच्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी. नृत्यांगना म्हणून आणि १९३६ साली ‘कलाक्षेत्र’ ही संस्था स्थापन करणाऱ्या म्हणून त्या जगाला ठाऊक आहेत. माँटेसरींना भारतात बोलावणारे थिऑसॉफिकल सोसायटीचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज अरुंडेल हे त्यांचे पती. १९५२ साली रुक्मिणीदेवींची राज्यसभेवर नियुक्ती झाली, आणि पुढच्या वर्षी त्यांनी प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारे विधेयक स्वतः मांडले. सरकार या विषयात लक्ष घालील असे आश्वासन पंतप्रधान नेहरूंनी दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले. त्यातून १९६० चा प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. त्याखाली १९६२ साली स्थापन झालेल्या भारतीय पशुकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. मंडळाचे मुख्य कार्यालय अनेक वर्षे चेन्नईतच होते.

कायद्याची भाषा रुक्ष असते. पण या कायद्याचे अकरावे कलम लहान मुलाला वाचून दाखवता येते. जनावराला मारणे, लाथाडणे, त्याच्यावर पेलवणार नाही इतके ओझे लादणे, त्याला फार आखूड दोरीने किंवा जड साखळीने तासन् तास बांधून ठेवणे, पुरेसे अन्न-पाणी व निवारा न देणे हे सारे त्यात गुन्हे म्हणून मोजले आहेत. गल्लीतल्या बैलगाडीकडे किंवा शेजारच्या बांधलेल्या कुत्र्याकडे पाहून मूल स्वतःच यांतले एखादे ओळखते आणि मोठ्यांना अडचणीत टाकते. त्याच्या पुढचे बारावे कलम एकाच प्रकाराविषयी आहे. जी गोष्ट वाचून दूर आफ्रिकेत एका माणसाचे मन दुधावरून उडाले होते, तो गाई-म्हशींवरील ‘फुंका’ या कलमाने दंडनीय ठरवला आहे.